'कस्टमरी' हा इंग्रजी शब्द कुठे, कसा लावायचा: ठाणे–नवी मुंबईत अनुवादाचं आणि कागदपत्रांचं काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचा परदेशी आराखडा, बेलापूरच्या शिपिंग कचेरीतला जहाजभाड्याचा करार, मेडिक्लेमची पॉलिसी आणि लग्ननोंदणीसाठी वकिलाने तयार केलेलं प्रतिज्ञापत्र. या चारही कागदांत 'कस्टमरी' हा शब्द येतो आणि चारही ठिकाणी त्याचं मराठी वेगळं होतं. शब्दकोशात पहिला अर्थ 'रूढ' किंवा 'प्रथेनुसार' असा दिसतो. तो सगळीकडे चिकटवला की एक कागद बरोबर होतो आणि तीन बिघडतात. मराठीतून इंग्रजीत जाताना चूक उलट्या बाजूने होते: 'पारंपरिक', 'नेहमीचा', 'रीतीप्रमाणे', 'सवयीचा' या सगळ्यांना एकच शब्द लावला जातो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. घाई असेल तर निदान तिसरी आणि सातवी सोडू नका.

१. हाताशी काय हवं

- उदाहरणं देणारा एक इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश. विद्यार्थ्यांसाठी केलेला असेल तर उत्तम, कारण त्यात शब्दामागे कोणतं शब्दयोगी अव्यय येतं ते दाखवलेलं असतं.
- राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, विशेषतः न्याय आणि प्रशासनाचे. ते ऑनलाइन पाहता येतात.
- ज्या कागदाचा अनुवाद करायचा तो पूर्ण कागद. मोबाइलवर आलेल्या एका परिच्छेदाच्या फोटोवर या शब्दाचा अर्थ ठरवू नका. करारात आणि पॉलिसीत 'व्याख्या' नावाचा भाग असतो, तो आधी मागून घ्या.
- कागद कायद्याचा असेल तर त्या कलमाचा मूळ मजकूर.

२. शब्द नीट ओळखा

स्पेलिंग सी-यू-एस-टी-ओ-एम-ए-आर-वाय. गिऱ्हाईक या अर्थाच्या 'कस्टमर'मध्ये शेवटी ई-आर असतं, त्यामुळे हात आपोआप ई लिहून जातो. इथे ए आहे. दुसरी चूक म्हणजे 'सी'नंतर ओ लिहिणं. तसं लिहिलं की वाचणाऱ्याला 'कॉस्च्यूम' आठवतो. (दोन्ही शब्द मुळात एकाच घरातले आहेत. लॅटिनमधल्या 'सवय' या अर्थाच्या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे 'कस्टम' आला आणि 'कॉस्च्यूम'ही.) उच्चारात जोर पहिल्या 'कस्'वर. ब्रिटिश पद्धतीत 'कस्टमरी', अमेरिकी पद्धतीत 'कस्टमेरी'. दोन्ही बरोबर, पण एकाच भाषणात दोन्ही मिसळू नका.

हे विशेषण आहे. नाम हवं असेल तर 'कस्टम', क्रियाविशेषण हवं असेल तर 'कस्टमरिली'. 'कस्टम'ला एस लागला की तो सीमाशुल्काचा 'कस्टम्स'ही होतो, त्याबद्दल पुढे. आणि 'कस्टम-मेड' म्हणजे मापाप्रमाणे, मागणीप्रमाणे बनवलेलं. त्याचा रूढीशी संबंध उरलेला नाही.

३. एक प्रश्न विचारा: ही कोणाची रीत?

सगळ्या कामाचा पाया हाच आहे. 'कस्टमरी' म्हणजे वारंवार घडणारं नव्हे. एखाद्या गटात, गावात, धंद्यात किंवा घरात जे केलं जाईल असं लोक धरून चालतात, ते कस्टमरी. म्हणून दोन गोष्टी तपासा. ही रीत कोणाची, ते सांगता येतं का? आणि ती पाळली नाही तर कोणाला चुकल्यासारखं वाटेल का?

ठाणे स्थानकातून वाशी–पनवेलच्या गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात. रोज घडतं, पण ती रेल्वेची सोय आहे. फलाट बदलला तर धावपळ होईल, रीत मोडली असं कोणी म्हणणार नाही. इथे 'यूज्वल'. लग्नाच्या पाकिटात ५०० ऐवजी ५०१ रुपये घालणं मात्र कस्टमरी. तो एक रुपया विसरला तर घरातली आजी पाकीट परत उघडायला लावते.

दुसरं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. गुढी उभारणं 'ट्रॅडिशनल' आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. पाडव्याच्या सकाळी निघणारी नववर्ष स्वागतयात्रा तुलनेने नवी आहे. डोंबिवलीत ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि मग ठाण्यासह इतर शहरांनी ती उचलली. तिला 'एन्शंट ट्रॅडिशन' म्हणणं चुकीचं. पण आज पाडव्याला यात्रा निघणार हे सगळे धरून चालतात, म्हणून ती 'कस्टमरी' म्हणता येते. या शब्दाला फार मोठं वय लागत नाही, लोकांची अपेक्षा लागते.

आणखी एक मर्यादा. रोजच्या इंग्रजीत 'कस्टमरी' म्हणजे अपेक्षित, सक्तीचं नाही. सोसायटीच्या नोटिशीत 'इट इज कस्टमरी टू पे मेन्टेनन्स बाय द टेन्थ' असं लिहिलं तर सभासदाने त्यातून 'नाही भरलं तरी चालेल' असा अर्थ काढला, तर तो त्याचा दोष नाही. नियम असेल तर 'मस्ट' किंवा 'इज रिक्वायर्ड टू' लिहा. कायद्याच्या मजकुरात मात्र रूढीला कायद्याचं बळ असू शकतं. तो फरक सातव्या पायरीत येईल.

४. वाक्यात बसवण्याचे साचे

चार साचे पाठ असले की नव्वद टक्के काम भागतं.

पहिला: 'इट इज कस्टमरी टू' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. 'इट इज कस्टमरी टू ऑफर तिळगूळ ऑन मकर संक्रांत.' इथे 'ऑफरिंग' लिहू नका.

दुसरा: कोणी करायचं ते सांगायचं असेल तर 'फॉर'. 'इट इज कस्टमरी फॉर द होस्टेस टू गिव्ह वाण टू एव्हरी गेस्ट.' हळदीकुंकवाच्या आमंत्रणात हे वाक्य जसंच्या तसं चालतं. वाण, ओटी, आहेर हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे चार शब्दांत अर्थ सांगा. 'वाण'ला नुसतं 'गिफ्ट' केलं की त्यातला विधी निघून जातो.

तिसरा: गट सांगायचा असेल तर 'अमंग'. 'इट इज कस्टमरी अमंग द कोळीज टू ऑफर अ कोकोनट टू द सी ऑन नारळी पौर्णिमा.' चेंदणी कोळीवाड्यासारख्या ठाण्याच्या वस्तीबद्दल लिहीत असाल तर 'सी'च्या जागी 'क्रीक' लिहा, कारण तिथे समोर खाडी आहे. आगरी लग्नाबद्दल लिहिताना: 'इट इज कस्टमरी अमंग द आगरीज फॉर अ धवलारीण टू सिंग द धवळे.' धवलारीण ही नुसती 'सिंगर' नाही. ती गाण्यांतून विधी पार पाडते, म्हणून शब्द तसाच ठेवून अर्थ द्यावा.

चौथा: वाक्याच्या सुरुवातीला 'अ‍ॅज इज कस्टमरी' आणि स्वल्पविराम. यात मधे 'इट' घालू नका. 'अ‍ॅज इट इज कस्टमरी' म्हटलं की अर्थ 'रीत असल्यामुळे' असा होतो, 'रीतीप्रमाणे' असा नाही.

याशिवाय नामाआधी: 'कस्टमरी ग्रीटिंग', 'कस्टमरी फी'. एका माणसाच्या ओळखीच्या वागण्यालाही तो लागतो: 'विथ हर कस्टमरी पेशन्स', म्हणजे तिच्या नेहमीच्या धीराने. हा वापर लेखी भाषेत जास्त शोभतो. 'व्हेरी कस्टमरी' टाळा. रीत असते किंवा नसते.

५. शेजारच्या शब्दांत गल्लत

'ट्रॅडिशनल': माणसांना आणि वस्तूंना हा लावा. पारंपरिक मच्छीमार म्हणजे 'ट्रॅडिशनल फिशर्स', 'कस्टमरी फिशर्स' नव्हे. पण त्याच मच्छीमारांचे मासळी सुकवण्याचे, होड्या लावण्याचे हक्क आले की 'कस्टमरी राइट्स'. हक्क, कायदा, विधी, वागणूक, दर यांना कस्टमरी शोभतो.

'कन्व्हेन्शनल': यालाही मराठीत 'पारंपरिक'च म्हणतात. सौरऊर्जेच्या कागदात 'अपारंपरिक ऊर्जा' येते ती 'नॉन-कन्व्हेन्शनल'. तिथे कस्टमरी लिहिलं तर वाक्याला अर्थच राहत नाही.

'हॅबिच्युअल': अंगात मुरलेलं, बहुतेक वेळा वाईट. 'हॅबिच्युअल ऑफेंडर' म्हणजे सराईत गुन्हेगार.

'अकस्टम्ड टू': सवय झालेला. याच्या पुढे मात्र 'इंग' लागतं, 'अकस्टम्ड टू वॉकिंग'. वरच्या पहिल्या साच्याच्या नेमकं उलट असल्यामुळे इथे फार जण घसरतात.

६. मराठीत आणताना

मराठीत शब्दांचा तुटवडा नाही, उलट निवड करावी लागते. घरगुती आणि सणावाराच्या मजकुरात 'रीत', 'रीतीप्रमाणे'. कचेरीच्या कामकाजात 'शिरस्ता', 'शिरस्त्याप्रमाणे'. व्यापारात 'रिवाज', दरांना 'प्रचलित'. कायद्यात 'रूढी', आणि त्याच्या जोडीने येणाऱ्या 'यूसेज'साठी 'परिपाठ'. एका माणसाबद्दल असेल तर साधं 'नेहमीचा'.

'पायंडा' वापरू नका. पायंडा म्हणजे पहिल्यांदा पडलेली, पुढे दाखला म्हणून दाखवली जाणारी गोष्ट, तो 'प्रिसिडेंट'. 'दंडक'ही नको, त्यात सक्ती आहे.

७. कागद ओळखा, मग अर्थ ठरवा

*अ) लग्न आणि कायदा.* हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे विवाह दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या 'कस्टमरी राइट्स अँड सेरेमनीज'नुसार लागू शकतो. मराठी: रूढीप्राप्त विधी व समारंभ. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असंही त्याच कलमात आहे.

इथे सगळ्यात मोठा सापळा कानाचा आहे. विधी या अर्थाचा 'राइट' आर-आय-टी-ई आणि हक्क या अर्थाचा 'राइट' आर-आय-जी-एच-टी. उच्चार एकच, देवनागरीतही एकच. तोंडी सांगितलेला मजकूर टाइप करताना प्रतिज्ञापत्रात 'रूढ हक्कांनुसार विवाह झाला' असं बसून जातं. तोंडी मजकूर असेल तर हा शब्द अक्षरं विचारून घ्या.

त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये रूढी कशाला म्हणायचं ते दिलं आहे: दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळलेली, एखाद्या भागात, जमातीत, समाजात, गटात किंवा कुटुंबात कायद्याचं बळ मिळालेली. शिवाय ती निश्चित असावी, गैरवाजवी किंवा लोकधोरणाच्या विरुद्ध नसावी. ती फक्त एका कुटुंबाची असेल तर त्या कुटुंबाने ती सोडून दिलेली नसावी. म्हणून अनुवादात 'अनादी काळापासून' असं स्वतःच्या पदरचं घालू नका. मुळात 'फॉर अ लाँग टाइम' आहे, तेवढंच 'दीर्घकाळ'. कोर्टात रूढी सांगणाऱ्यालाच ती सिद्ध करावी लागते. तुमचा एक जादा शब्द पक्षकाराच्या डोक्यावर जादा पुरावा ठेवतो.

*आ) जमीन, वाट, जंगल.* 'वहिवाट' या मराठी शब्दात दोन वेगळे इंग्रजी हक्क बसतात. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ मध्ये ठरावीक वर्षांच्या अखंड वापराने मिळणारा हक्क आहे: खासगी जमिनीवर २० वर्षं, सरकारी जमिनीवर ३०. कलम १८ मधला 'कस्टमरी ईझमेंट' (ईझमेंट म्हणजे सुविधाधिकार, दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क) स्थानिक रूढीतून येतो. गावच्या गायरानात गुरं चारण्याचा हक्क हे त्याचं सरळ उदाहरण. अर्जात नुसतं 'वहिवाटीचा रस्ता' असेल तर आधी विचारा की वर्षं मोजून मागतायत की गावाच्या रूढीवरून मागतायत. उत्तर मिळेपर्यंत 'कस्टमरी' लिहू नका.

शहापूर–मुरबाडकडच्या गावांचे सामूहिक वनहक्काचे कागद हाताखाली आले तर वनहक्क कायदा, २००६ मध्ये गावाच्या हद्दीबद्दल 'ट्रॅडिशनल ऑर कस्टमरी बाउंड्रीज' अशी जोडी दिसेल. कायद्याने दोन शब्द वापरले आहेत तर तुम्हीही दोन वापरा: परंपरागत किंवा रूढ सीमा. दोन्हींना मिळून 'पारंपरिक सीमा' लिहिलं की अर्धा आधार गेला.

*इ) मेडिक्लेम.* पॉलिसीतल्या 'रिझनेबल अँड कस्टमरी चार्जेस'चा रूढी-परंपरेशी काहीही संबंध नाही. 'रूढीनुसार शुल्क' असा अनुवाद वाचून रुग्णाच्या घरच्यांना काहीच कळत नाही. व्याख्येचा गाभा तीन गोष्टींत आहे: त्या रुग्णालयाचे ठरलेले दर, त्याच भौगोलिक भागात तशाच उपचाराला चालू असलेले दर, आणि आजाराचं किंवा दुखापतीचं स्वरूप. म्हणून मराठी असं करावं: 'वाजवी आणि त्या भागात प्रचलित असलेला खर्च'.

याच शब्दांवर बोट ठेवून दाव्यातली रक्कम कापली जाते, तेव्हा उत्तराच्या पत्रातही हेच तीन धागे धरावेत. रुग्णालयाचं छापील दरपत्रक जोडा. त्याच भागातल्या तशाच दर्जाच्या दुसऱ्या रुग्णालयांचे दर मिळाले तर तेही जोडा. उपचार ठाण्यात झाला असेल तर तुलना ठाण्याशी हवी. आजार गुंतागुंतीचा होता हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. आणि कंपनीने 'प्रचलित दर' म्हणून कोणता दर धरला, तो कुठून घेतला, हे पत्रात सरळ विचारा. अशा पत्रात 'कस्टमरी' या एका शब्दाचा बरोबर अर्थ पैशांत मोजता येतो, म्हणून या परिच्छेदावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

*ई) न्हावाशेवा.* बंदराच्या कामात 'कस्टम्स' म्हणजे सीमाशुल्क. हा अर्थही राजाला रिवाजाप्रमाणे द्यायच्या करापासूनच आला. 'कस्टमरी' दिसला की नवखा माणूस तो सीमाशुल्काशी जोडतो, आणि 'कस्टमरी क्विक डिस्पॅच'चा अनुवाद 'सीमाशुल्काची जलद मंजुरी' असा करतो. तसं नाही. करारात 'सीक्यूडी' असं आखूड लिहिलेल्या या अटीचा अर्थ: माल भरायला किंवा उतरवायला दिवस ठरवून दिलेले नाहीत, त्या बंदराच्या रिवाजाप्रमाणे आणि त्या वेळच्या परिस्थितीत जितक्या लवकर होईल तितक्या लवकर ते काम व्हावं. दिवसच ठरलेले नसल्यामुळे नेहमीसारखं डेमरेज (ठरलेल्या दिवसांपेक्षा जहाज जास्त अडकलं तर जहाजमालकाला द्यायची भरपाई) मोजायला आधार राहत नाही आणि उशिराचा धोका बराचसा जहाजमालकाकडे जातो. कंटेनरच्या ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा सुट्या मालासाठी जहाज भाड्याने घेण्याच्या करारांत ही अट जास्त दिसते. मराठी: 'बंदराच्या रिवाजानुसार शक्य तितक्या लवकर'. कंसात सीक्यूडी हे आखूड नाव ठेवा, कारण बंदरावर माणसं तेच बोलतात.

*उ) कारखान्याचे आराखडे.* 'यूएस कस्टमरी युनिट्स' म्हणजे अमेरिकेत चालणारी इंच, पौंड, गॅलन ही मापं. 'ग्राहकाने दिलेली मापं' असा अनुवाद महापे–रबाळ्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये गेला तर माल चुकीचा बनेल. आणि याला 'ब्रिटिश मापं' म्हणूनही चालत नाही. इंच दोन्हीकडे २.५४ सेंटिमीटर आणि पौंड ०.४५३६ किलो, पण अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. अमेरिकी टन २,००० पौंडांचा म्हणजे सुमारे ९०७ किलो, ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा म्हणजे सुमारे १,०१६ किलो. पंपाच्या माहितीपत्रकात गॅलन दिसला की कोणता ते शोधा आणि पुढे लिटरमध्ये आकडा लिहा. मराठीत 'अमेरिकी प्रचलित मापं' पुरेसं आहे.

८. कागद देण्याआधी

इंग्रजी मजकूर असेल तर फाइलमध्ये 'कस्टम' एवढीच अक्षरं शोधा. कस्टमर, कस्टम्स, कस्टमरी, अकस्टम्ड, कस्टमाइज्ड सगळे एकाखाली एक दिसतील. प्रत्येकावर थांबून स्पेलिंग आणि पुढचं शब्दयोगी अव्यय बघा. संगणकाची शुद्धलेखन तपासणी इथे फसवते, कारण 'कस्टमरी'च्या जागी चुकून 'कस्टमर' राहिला तरी तोही शब्द बरोबरच असतो, त्याखाली लाल रेघ येत नाही.

मराठी मजकूर असेल तर 'रूढ', 'प्रथा', 'पारंपरिक' हे तीन शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर मूळ इंग्रजी शब्द पेन्सिलीने लिहा. एकाच मराठी शब्दासमोर दोन इंग्रजी शब्द आले, तर त्या कागदात दोन वेगळे मराठी शब्द ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा.